शब्दांच्या कुळकथा : ‘फॅमिली’

परभाषेंतून आलेले शब्द आपल्या घरांत दोन रीतींनीं राहतात. कांहीं शब्द पाहुण्यासारखे बाहेरच्या बैठकींतच बसतात. ‘पार्लमेंट’ किंवा ‘फिलॉसफी’ हे त्यांतले. कांहीं मात्र थेट माजघरापर्यंत येतात आणि चार दिवसांत घरच्यासारखे वागूं लागतात. ‘फॅमिली’ हा शब्द या दुसऱ्या जातीचा आहे. इंग्रजीचें एक अक्षरहि न येणारी आजी ‘फॅमिली डॉक्टरला बोलवा’ असें सहज म्हणते. मुंबईच्या इराणी हॉटेलांत बायकामुलांसाठीं ‘फॅमिली रूम’ असे, सरकारी वसाहतींत ‘फॅमिली क्वार्टर’ मिळे, आणि एखादे गृहस्थ ‘या खेपेस फॅमिली बरोबर आणलेली नाहीं’ असें म्हणत, तेव्हां त्यांची पत्नी मागें राहिली आहे, हें ऐकणाऱ्यास न सांगतां समजे.

मौज अशी कीं, खुद्द इंग्लंडांत हा शब्द नुसत्या पत्नीला कोणी लावीत नाहीं. तेथें ‘तुम्हांस फॅमिली आहे काय?’ असा प्रश्न आला, तर तो बहुधा मुलाबाळांविषयींचा असतो. ‘फॅमिली सुरू करणें’ म्हणजे पहिलें मूल होऊं देणें. एकाच शब्दाचा अर्थ एका देशांत मुलें आणि दुसऱ्यांत बायको! आपल्याकडील अर्थ इंग्रजीच्या अज्ञानांतून आला, असें कोणास वाटेल; परंतु तसें नाहीं. ‘कुटुंब’ या शब्दानें पत्नीचा निर्देश करण्याची रीत मराठींत आधींपासूनच होती. चारचौघांत बायकोचें नांव घेणें मागच्या पिढ्यांस प्रशस्त वाटत नसे. म्हणून ‘आमचें कुटुंब’, ‘घरची मंडळी’ असे आडपडदे वापरीत. संस्कृतांतहि ‘कुटुंबिनी’ म्हणजे गृहिणी. इंग्रजी शिकलेल्या पिढीनें ‘कुटुंब’ उचलून त्याच्या जागीं ‘फॅमिली’ ठेविलें, एवढेंच. शब्द परका, पण अर्थ घरचाच.

घरांत माणसें किती, हा प्रश्न दिसण्यांत साधा आहे. त्याचें उत्तर देतांना आपण कोणाला मोजतों आणि कोणाला सोडून देतों, हें मात्र साधें नाहीं. ‘फॅमिली’ या शब्दाचा इतिहास म्हणजे या मोजणीचाच इतिहास होय, आणि त्याचा आरंभ आजच्या वाचकास कांहींसा चमत्कारिक वाटेल असा आहे.

‘फॅमिली’चें मूळ लॅटिन ‘फामिलिआ’ या शब्दांत आहे, आणि ‘फामिलिआ’ निघाला ‘फामुलुस’पासून. ‘फामुलुस’ म्हणजे घरचा चाकर, दास. रोमच्या शेजारीं बोलल्या जाणाऱ्या ऑस्कन नांवाच्या भाषेंत दासाला ‘फामेल’ म्हणत, असें प्राचीन रोमन कोशकार फेस्तुस यानें नोंदून ठेविलें आहे. म्हणजे ‘फामिलिआ’ हा मुळांत एका धन्याच्या घरांतील दासदासींचा समुदाय. ज्या शब्दाबरोबर आज आईबाप आणि भावंडें डोळ्यांपुढें येतात, त्याच्या मूळ अर्थांत पाणी भरणारे, दळणारे आणि नांगर धरणारे दास तेवढे होते.

पुढें या शब्दाची कक्षा वाढली. एका गृहपतीच्या सत्तेखालीं असलेलीं सारीं माणसें, मग तीं पोटचीं असोत वा विकत घेतलेलीं, ‘फामिलिआ’ या नांवाखालीं आलीं. गृहपतीस ‘पातेर फामिलिआस’ म्हणत. इ. स. पूर्व ४५१-४५० च्या सुमारास रोमन लोकांनीं बारा फलकांवर आपले कायदे लिहिले. त्यांत ‘फामिलिआ’ हा शब्द मयताच्या मालमत्तेच्या अर्थानेंहि आला आहे. आणि बापानें मुलाला तीनदां विकल्यास मुलगा बापाच्या सत्तेंतून मोकळा होतो, असेंहि कलम त्यांतच आहे. जुन्या रोमन कायद्याप्रमाणें मुलगा पन्नास वर्षांचा झाला, मोठ्या अधिकारपदावर चढला, तरी बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या स्वतःच्या मालकीचें कांहीं नसे. बापानें वापरावयास दिलेल्या पैशावर तो व्यवहार करी, आणि तशीच सवलत दासालाहि मिळत असे. फरक राहावा म्हणून मुलांना ‘लिबेरी’ म्हणत. त्या शब्दाचा अर्थ ‘स्वतंत्र माणसें’ असा आहे. मुलांना असें मुद्दाम स्वतंत्र म्हणावें लागे, यावरूनच त्या घराची रचना ध्यानीं येते.

तथापि या सत्तेबरोबर एक आपलेपणाहि होता, आणि तो चुलीपाशीं दिसे. रोमन घराची रक्षक देवता ‘लार’. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांत थोरल्या केटोनें शेतीवर एक ग्रंथ लिहिला आहे. त्यांत मळ्याच्या कारभाऱ्याच्या बायकोचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. कारभारी आणि त्याची बायको हीं दोघेंहि बहुधा दासवर्गांतलीं असत. तिनें रोज रात्रीं निजण्यापूर्वीं चूल झाडून स्वच्छ ठेवावी, आणि महिन्याच्या ठरलेल्या पवित्र दिवशीं व सणावारीं चुलीवर फुलांचा हार घालून लार देवतेची प्रार्थना करावी, असें केटो सांगतो. चूल सारवून तिच्यापुढें रांगोळीचीं दोन बोटें ओढणाऱ्या आपल्या आज्यांना ही रोमन दासी परकी वाटली नसती.

मात्र स्त्रीचें स्थान काय, याविषयीं रोमन कायदा मोठा स्पष्ट होता. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभींचा विख्यात विधिज्ञ उल्पिअन यानें ‘फामिलिआ’ शब्दाचे निरनिराळे अर्थ सांगितले आहेत. तान्हें मूलहि, त्याच्यावर कोणाची सत्ता नसेल तर, ‘पातेर फामिलिआस’ ठरतें, असें तो म्हणतो. स्त्रीच्या बाबतींत मात्र तिचें कुटुंब तिच्यापासून सुरू होतें आणि तिच्यापाशींच संपतें, असा त्याचा निर्णय आहे. कारण तिची सत्ता कोणावर चालत नाहीं आणि वंश तिच्या नांवानें मोजला जात नाहीं. हें वाक्य वाचकभगिनींनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

लॅटिन भाषा ख्रिस्ती धर्मगुरूंबरोबर इंग्लंडांत पोंचली. तेथील बीड नांवाच्या विद्वान् मठवासीयानें ७३१ सालीं आपल्या लोकांचा धार्मिक इतिहास लॅटिनमध्यें लिहिला. एखाद्या बेटाचा आकार सांगावयाचा झाला, म्हणजे तो तेथें किती ‘फामिलिआ’ राहूं शकतात, तें सांगतो. केंट प्रांताजवळचें थॅनेट बेट त्याच्या हिशेबीं सहाशें फामिलिआंचें. त्याच्या ग्रंथाचें जुन्या इंग्रजींत भाषांतर झालें, तेव्हां या जागीं ‘हाइड’ हा देशी शब्द आला. हाइड म्हणजे एका घराच्या पोटाला पुरेल इतकी जमीन. आणि तो शब्दहि ‘घरांतील माणसें’ या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दापासूनच निघालेला आहे. घर आणि शेत यांची अशीच सांगड आपल्या भाषेंतहि आहे. संस्कृत ‘कुटुंबिन्’ म्हणजे गृहस्थ, शेतकरी. त्यावरूनच ‘कुणबी’ हा शब्द आला, असें भाषापंडित सामान्यतः मानतात.

पुढें पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘फॅमिली’ हा शब्द इंग्रजींत रुळला, तोहि प्रथम घरच्या नोकरचाकरांच्या अर्थानेंच. त्यानंतर एका छपराखालीं राहणारीं सारीं माणसें, असा त्याचा विस्तार झाला. १६६० च्या जानेवारींत लंडनच्या सॅम्युअल पीप्स यानें आपली प्रसिद्ध रोजनिशी सुरू केली. तिच्या आरंभींच आपल्या फॅमिलींत तीन माणसें आहेत, असें तो लिहितो. तीं तीन माणसें कोणतीं? तो स्वतः, त्याची पत्नी, आणि घरकाम करणारी जेन! मूलबाळ त्याला नव्हतें. जेन ही मोलकरीण असली तरी तिला वगळून घरच्या माणसांची गणना होऊं शकते, असें त्याच्या मनांतहि आलें नाहीं. १७५५ सालीं डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यांतहि ‘फॅमिली’चा पहिला अर्थ ‘एका घरांत राहणारीं माणसें’ असा आहे; एका पूर्वजापासून झालेला वंश हा अर्थ त्यानंतरचा. अमेरिकेंत जॉर्ज वॉशिंग्टन याच्या सेनाकार्यालयांतील तरुण मदतनिसांनाहि त्याची ‘फॅमिली’ म्हणत. अलेक्झांडर हॅमिल्टन हा १७७७ ते १७८१ या काळांत त्या फॅमिलींत होता.

शब्द असा घराघरांत वावरत असतां शास्त्रज्ञांनींहि तो उचलला. पिएर मान्योल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें १६८९ सालीं झाडांचीं कुटुंबें पाडलीं. ‘मॅग्नोलिआ’ या फुलझाडाचें नांव त्याच्याच नांवावरून पडलें आहे. मराठींत आपण वनस्पतींचें ‘कुल’ म्हणतों, तें या अर्थी. परंतु झाडांत चाकर आणि धनी नसतात. तेथें सारी गणना साधर्म्याची आणि वंशाची. माणसांच्या बाबतींतहि शब्दाचा कल हळूहळू तिकडेच गेला.

ही जेन ‘फॅमिली’तून बाहेर कशी पडली, हें पाहण्यासारखें आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील उद्योगधंदा घराबाहेर पडून कारखान्यांत गेला. धन्याच्या घरीं जेवणारे-राहणारे उमेदवार कमी होत गेले. श्रीमंतांच्या वाड्यांत नोकरांचा जिना वेगळा झाला, जेवणाची खोली वेगळी झाली, आणि हांक मारण्याऐवजीं घंटा वाजूं लागली. नोकराला पगार मिळूं लागला, कामाचे तास आले, पुढें स्वतःचें बिऱ्हाडहि आलें. हा त्याचा मोठाच लाभ होय. मात्र त्याच काळांत घरच्या यादींतून त्याचें नांव गेलें. आज कोणताहि इंग्रजी कोश उघडावा. ‘फॅमिली’ या शब्दापुढें प्रथम आईबाप आणि त्यांचीं मुलें हींच भेटतात. ज्या चाकरावरून शब्द निघाला, तो त्याच शब्दांतून पार नाहींसा झाला.

१९४९ सालीं जॉर्ज पीटर मर्डॉक या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचा ‘सोशल स्ट्रक्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ‘न्यूक्लिअर फॅमिली’ हा शब्दप्रयोग सर्वत्र रूढ होण्यास त्याचें मोठें साह्य झालें. ‘न्यूक्लिअस’ म्हणजे गाभा, बीज. आईबाप व मुलें हें बीज, आणि बाकीचें कुटुंब हा त्याचा विस्तार, अशी त्यामागील कल्पना. आपण त्याला ‘विभक्त कुटुंब’ म्हणतों. पाश्चात्यांनीं ज्याला आरंभ मानलें, त्याला आपण वेगळें निघालेलें म्हटलें. डॉ. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथांत एकत्र कुटुंबाचीं लक्षणें दिलीं आहेत. त्यांत एक छप्पर, एक चूल, सामायिक मालमत्ता आणि सामायिक देवपूजा यांचा समावेश आहे. येथेंहि चूल आहेच. ‘वेगळी चूल मांडणें’ या मराठी वाक्प्रचारांतहि विभक्त होण्याची खूण चूलच आहे.

आतां आपल्या घरांकडे वळूं. ‘फामिलिआ’ची कथा ऐकून, ‘दासांवरून कुटुंबाला नांव देणारे ते लोक निराळे, आपण निराळे,’ असें समाधान मानून घेण्याचें कारण नाहीं. संस्कृतांत ‘भृ’ धातूचा अर्थ पोसणें, धारण करणें. पोसणारा तो भर्ता. जिला पोसावयाचें ती भार्या. आणि ज्याला पोसावयाचें तो भृत्य. पति, पत्नी आणि चाकर हीं तिघेंहि एकाच धातूच्या पोटीं जन्मलीं आहेत. धर्मशास्त्रकारांनीं त्यांतून गृहस्थाचें कर्तव्य काढलें. आपस्तंब धर्मसूत्र सांगतें कीं, अन्न कमी पडल्यास गृहस्थानें स्वतःच्या, बायकोच्या किंवा मुलाच्या वाट्यास एक वेळ काट मारावी, पण घरीं राबणाऱ्या दासाच्या वाट्यास मारूं नये. मनुस्मृतींतहि अतिथि आणि भृत्य जेवल्यावर उरलेलें पतिपत्नींनीं खावें, असें आहे.

शास्त्र असें असतां आचार कसा होता, हें आपणांस ऐकून माहीत आहे. वाड्यांतल्या स्वयंपाकघरांत एखादी बालविधवा आत्या किंवा दूरच्या नात्यांतील मावशी पहांटेपासून रात्रींपर्यंत राबत असे. पापड, कुरडया, बाळंतपणें, आजारपणें सारीं तिच्या अंगावर. तिला पगार नसे, कारण ती ‘घरचीच’. वांटणीच्या वेळीं तिला हिस्सा नसे. तेव्हां ती घरची नसून आश्रित ठरे. वार लावून जेवणारा गरीब विद्यार्थी पंक्तींत बसे. त्याची विद्या त्या अन्नावर झाली, ही गोष्ट खरी. पण त्याचें पान कोठें मांडलें जाई, हेंहि तो विसरत नसे. आणि ज्यांच्या श्रमावर घर स्वच्छ राही, शेत पिके, पण ज्यांना उंबरठ्याच्या आंत येऊं देत नसत, त्यांना तर कोणत्याच अर्थानें घरचें म्हटलें नाहीं. म्हणजे ‘घरचें’ हा शब्द आपण काम घेतांना सैल आणि वांटा देतांना आवळ करीत आलों.

याहून मोठी विसंगति खुद्द ‘फॅमिली’ शब्दाची. इंग्रजी अमदानींत हा शब्द आपल्या कायद्यांत शिरला. १९२२ च्या प्राप्तीकर कायद्यांत ‘हिंदु अन्डिव्हायडेड फॅमिली’, म्हणजे अविभक्त हिंदु कुटुंब, हें करदात्यांच्या यादींत स्वतंत्रपणें मांडलेलें आहे, आणि १९६१ च्या कायद्यानेंहि तें तसेंच ठेविलें. मिताक्षरेप्रमाणें या कुटुंबाच्या मालमत्तेचे जन्मतः हक्कदार, म्हणजे सहदायाद, पुरुषच. गृहस्थ चारचौघांत जिला ‘फॅमिली’ म्हणत, तिला त्या फॅमिलीच्या मालमत्तेंत जन्माचा हक्क नव्हता आणि वांटणी मागण्याचा अधिकारहि नव्हता. उल्पिअनचें वाक्य येथें आठवावें. सतराशें वर्षांनंतर हजारों कोसांवर तें खरें ठरत होतें.

हें बदललें तें एका दिवसांत नव्हे. डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नानें १९३७ सालीं झालेल्या कायद्यानें विधवेला एकत्र कुटुंबांतील पतीचा हिस्सा मिळूं लागला, पण तो तिच्या हयातीपुरता मर्यादित होता. ती मर्यादा १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें गेली. महाराष्ट्रानें १९९४ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून मुलींना सहदायाद केलें, मात्र त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें विवाहित-अविवाहित हा भेदहि काढून टाकला. आणि मुलीचा हा हक्क जन्मानें येतो, त्यासाठीं २००५ सालीं तिचे वडील हयात असण्याची अट नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. सून मात्र कुटुंबाची घटक असली तरी सासरच्या मालमत्तेंत सहदायाद नाहीं. घरांत नोकरी करणाऱ्यांसाठींहि महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. ज्यांना आपण ‘घरच्यासारख्या’ म्हणत आलों, त्यांना कायद्यानें ‘कामगार’ म्हटलें. कोणास हा शब्द रुक्ष वाटेल; परंतु ‘घरच्यासारखी’ या गोड शब्दांत जो पगार, जी रजा बुडून जात असे, ती या रुक्ष शब्दामुळें मागतां येते.

या शब्दाच्या प्रवासांतून एक गोष्ट उघड होते. ‘फॅमिली’त सत्ता आणि पोसण्याची जबाबदारी हीं दोन्ही आरंभापासून एकत्र नांदत आलीं आहेत. नुसती सत्ता ठेवून जबाबदारी टाकली, म्हणजे ‘घरचीच आहे’ हें वाक्य फुकटांत काम करून घेण्याचें साधन होतें. सत्ता सोडून जबाबदारी ठेविली, म्हणजे तेंच वाक्य खरें होतें. म्हणून कोणाला घरचें म्हणण्यापूर्वीं आपल्याशींच थोडा हिशेब करावा. घरीं येणाऱ्या बाईंचा पगार वेळेवर होतो काय, आजारांत त्यांना पगारी रजा मिळते काय, आणि त्यांचा चहा आपल्याच कपांतून दिला जातो काय? माहेरीं आलेल्या बहिणीची ओटी भरून झाल्यावर तिच्यापुढें हक्कसोडपत्र ठेवितांना ती घरची असते कीं परकी? म्हातारपणीं कोणाकडे राहावें हें ठरवितांना आजीचें मत कोणी विचारतें काय?

पीप्सच्या घरीं नोकर-धनी असा भेद नव्हता असें नाहीं. तो पुरेपूर होता. तरीहि फॅमिलींत माणसें किती, हें लिहितांना त्यानें तीन म्हटलें, दोन नव्हे. आपल्या घरीं माणसें किती, असें पुढें कोणी विचारलें, तर उत्तर देण्यापूर्वीं एकदां स्वयंपाकघराकडे दृष्टि टाकावी आणि मग आंकडा सांगावा.